देवाची इच्छा रोजच्या जगण्यात कशी पाळावी

मुंबईतल्या कोणत्याही मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, उपासनेनंतर प्रार्थनेचे विषय विचारले, की काही विषय ठरलेले असतात. मुलाला दुबईची नोकरी आली आहे, ती घ्यावी का. भायखळ्याची खोली सोडून बदलापूरला फ्लॅट घ्यावा का. मुलीला सांगून आलेले स्थळ पुढे न्यावे का. प्रत्येक विषयाच्या शेवटी तेच वाक्य येते, “देवाची इच्छा कळावी म्हणून प्रार्थना करा.” हे मागणे योग्यच आहे. मात्र सख्ख्या भावाशी धरलेला अबोला कसा सोडवावा, किंवा घरकाम करणाऱ्या बाईंचा पगार दर महिन्याला लांबतो त्याचे काय करावे, हा विषय सहसा कोणी मांडत नाही. प्रस्तुत लेखातले मार्गदर्शन या दुसऱ्या प्रकारच्या विषयांपासून सुरू होते, कारण देवाची जी इच्छा आपल्याला आधीच ठाऊक आहे ती पाळण्याची सवय नसेल, तर ठाऊक नसलेली ओळखण्याची नजर तयार होत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशूने हाच क्रम सांगितला आहे: जो देवाच्या इच्छेप्रमाणे करायला तयार असेल, त्याला ही शिकवण देवापासून आहे की नाही ते समजेल. तेथे तयारी आधी येते आणि समज मागून.

जे लिहिलेले आहे तेथून सुरुवात करावी

‘देवाची इच्छा ही आहे’ असे बायबलच्या नव्या करारात जेथे सरळ शब्दांत म्हटले आहे, ती वचने एकदा एकत्र वाचून पाहावीत. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आपले पवित्रीकरण व्हावे आणि आपण जारकर्मापासून दूर राहावे असे आहे. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात सर्व स्थितीत उपकारस्तुती करावी असे आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात चांगले वागून अडाणी टीकेला गप्प करावे असे आहे. जुन्या करारात मीखा संदेष्टा त्याच्या सहाव्या अध्यायात देवाचे मागणे तीन गोष्टींत सांगतो: न्यायाने वागणे, दयेची आवड धरणे आणि देवासमोर नम्रपणे चालणे. यांतले काहीही कोणते शहर, कोणती नोकरी किंवा कोणता मजला याविषयी नाही. सगळे वागणुकीविषयी आहे. ज्याला देवाच्या इच्छेचा शोध घ्यायचा आहे त्याच्या हाती एवढा मजकूर पहिल्या दिवसापासून असतो.

तो आचरणात आणण्याचा सोपा मार्ग म्हणजे एका आठवड्यासाठी एकच आज्ञा निवडावी आणि ती आपल्या घरातल्या किंवा कामावरच्या विशिष्ट माणसाच्या नावाशी आणि विशिष्ट तारखेशी जोडून वहीत लिहावी. समजा, जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकातले १९:१३ (अध्याय १९, वचन १३) निवडले. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये असे तेथे सांगितले आहे, आणि याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आहे. आता ही आज्ञा आपल्या दाराशी कोणाला लागू होते ते पाहावे: धुणेभांडी करणाऱ्या मावशी, पोळ्यांच्या बाई, जिना झाडणारा मुलगा, गाडी धुणारा भय्या. बहुतेक सुस्थित घरांत पगार कोणी बुडवत नाही. तो राहून जातो. एटीएमला जायला जमले नाही, सुट्टे नव्हते, पाहुणे आले होते. मावशी मात्र त्या दिवशी दाराशी चपला घालायला जरा जास्त वेळ लावतात, ओला हात पदराला पुसत “ताई, ते पगाराचं...” एवढेच बोलून थांबतात, आणि आतून उत्तर जाते, “उद्या नक्की हं मावशी.” त्यांच्या घरमालकाला ‘उद्या नक्की’ चालत नसते. ही आज्ञा पाळणे म्हणजे पगाराच्या आदल्या संध्याकाळी पैसे मोजून पाकिटात घालणे, ते पाकीट फ्रीजवर ठेवणे, त्यांनी मागण्याआधी हातात देणे, आणि आजारपणाच्या दोन खाड्यांचे पैसे न कापणे. यासाठी दर्शन होण्याची वाट पाहावी लागत नाही.

अबोल्याचेही तसेच. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करून यावे असे आहे. ज्या रविवारी आपण चर्चमध्ये प्रभुभोजनाला किंवा मिस्साला (कॅथॉलिक उपासनेला) जाणार आहोत त्याच्या आधीच्या गुरुवारी फोन करावा. फोन उचलला गेला नाही तर आपला भाग निदान सुरू झाला असे समजावे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा करावा.

दिवसाची घडण

विरारहून चर्चगेट किंवा बदलापूरहून सीएसएमटी असा रोजचा प्रवास करणाऱ्या माणसाला पहाटे तासभर एकांतात बसण्याचा उपदेश ऐकायला बरा वाटतो आणि बुधवारपर्यंत मोडतो. त्यापेक्षा पंधरा मिनिटे ठरवावीत आणि ती सोडू नयेत. वाचन मात्र सलग करावे. डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ते वचन आजसाठी घ्यायचे ही पद्धत आपल्याकडे बरीच रुळली आहे; तिच्यामुळे बायबलचे तेच तेच पन्नास-साठ लाडके तुकडे आपल्या ओळखीचे होतात आणि पुस्तक अनोळखीच राहते. मार्कापासून आरंभ करावा, त्याचे सोळाच अध्याय आहेत; मग याकोबाचे पत्र, मग नीतिसूत्रे. घरी जमत नसेल तर गाडीत बसायला जागा मिळाल्यावर मोबाइलवर वाचावे किंवा कानाला लावून ऐकावे. उभ्याने, डोळे उघडे ठेवून, कोणाच्या तरी पाठपिशवीचा धक्का खात केलेली प्रार्थना ही कमी प्रतीची प्रार्थना आहे असे कोठेही लिहिलेले नाही.

प्रभूच्या प्रार्थनेतला एक चरण यासाठी फार उपयोगी पडतो: “जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.” हा चरण सकाळी सावकाश म्हणावा आणि ‘पृथ्वीवर’ या शब्दाच्या जागी त्या दिवशीची आपली ठिकाणे एकेक आठवावीत: बँकेचा काउंटर, केईएमची ओपीडी, मुलाची शाळा, संध्याकाळची सोसायटीची सभा. त्या त्या ठिकाणी न्याय, दया आणि नम्रता कशी दिसेल एवढेच मनात आणावे. सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय येणार असेल, तर हा सराव वाटतो त्याहून कठीण आहे.

रात्री झोपण्यापूर्वी दिवसाकडे मागे वळून पाहण्याची जी रीत सोळाव्या शतकात येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी रुजवली, ती कॅथॉलिक वाचकांना परिचित असेल. प्रॉटेस्टंट घरांतही ती अडचणीविना चालू शकते. आधी दिवसभरातल्या ज्या गोष्टींबद्दल देवाचे आभार मानावेसे वाटतात त्या आठवाव्यात. मग कळत असूनही कोठे वळले नाही ते ठिकाण शोधावे आणि त्याबद्दल क्षमा मागावी. शेवटी उद्याची एखादी नेमकी कृती ठरवावी. दहा मिनिटे पुरतात. काही महिने हे केल्यावर आपण नेहमी कोणत्या वळणावर घसरतो ते दिसू लागते, आणि मोठ्या निर्णयाच्या वेळी ही स्वतःची ओळख कोणत्याही खुणेपेक्षा अधिक कामी येते.

मोठा निर्णय कसा घ्यावा

पुन्हा बदलापूरच्या फ्लॅटकडे येऊ. भायखळ्याच्या जुन्या चाळीतली पागडीची खोली, तिच्यात आजी, मुलगा, सून आणि शाळकरी नातवंडे. देऊळ, म्हणजे चर्च, पायी जाण्याच्या अंतरावर. बदलापूरला दोन खोल्या, हवा, स्वतःचे नाव असलेली पाटी. ‘आम्ही बदलापूरला जावे ही देवाची इच्छा आहे का?’ असा प्रश्न विचारला तर उत्तर आकाशातूनच यावे लागते. तोच प्रश्न बारीक करून लिहावा. आजीला दिवसभर एकटे राहावे लागेल का? हप्ता भरल्यावर घरखर्च, मुलांची फी आणि अर्पण यांना काही उरेल का? रोजच्या प्रवासात जाणारे तास कोणाच्या वाट्याचे असतील? मंडळीशी नाते टिकेल, की तिकडच्या मंडळीत नव्याने रुजावे लागेल? प्रश्न असे उतरवून काढले की त्यांतले निम्मे हिशेबाचे निघतात, आणि हिशेब करणे हे विश्वास कमी असल्याचे लक्षण मानू नये. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घेण्याविषयी लूकच्या चौदाव्या अध्यायात येशूच बोलतो.

उरलेल्या प्रश्नांना कोणती आज्ञा स्पर्श करते ते मग पाहावे. आजीच्या बाबतीत ती स्पष्ट आहे: आईबापांचा मान राख. मार्काच्या सातव्या अध्यायात, देवाला वाहिले आहे असे सांगून आईबापांची जबाबदारी झटकणाऱ्यांना येशूने फटकारले आहे. म्हणून ‘तिकडे सेवाकार्याची मोठी संधी आहे’ हे कारण आजीला एकटे टाकण्यासाठी चालणार नाही. घर विकणाऱ्याने “थोडे रोखीत द्या, करारात कमी दाखवू” असे सुचवले, तर त्या क्षणी विशेष मार्गदर्शनासाठी उपवास धरण्याची गरज नाही. खोट्या किमतीवर सही करू नये, एवढे आधीच कळलेले आहे. त्यापायी व्यवहार मोडला तर मोडू द्यावा.

मग स्वतःची इच्छा उघडपणे देवापुढे ठेवावी. आपल्या घरांत पुष्कळ लोक ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ येथूनच प्रार्थनेला आरंभ करतात आणि आपल्याला काय हवे आहे ते कधी बोलतच नाहीत. त्यामुळे ती इच्छा मनाच्या तळाशी बसून निर्णय आपल्याकडे ओढत राहते. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने आधी स्पष्ट सांगितले, की हा प्याला माझ्यापासून दूर व्हावा. आणि त्यानंतर आपली इच्छा पित्याच्या हाती सोपवली. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या सप्टेंबरमधल्या जत्रेत मेणाची छोटी घरे विकायला असतात आणि घर हवे असलेली माणसे ती घेऊन वर जातात. ते मेणाचे घर गेथशेमानेतल्या प्रार्थनेच्या पहिल्या भागासारखे आहे, प्रामाणिक आणि नेमके. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रार्थनेचा दुसरा भाग त्याला जोडला म्हणजे झाले. आपली इच्छा वहीत लिहावी आणि तिच्याखाली ‘हे मिळाले नाही तरी मी काय करत राहीन’ याचे उत्तर लिहावे. ते उत्तर लिहिताना हात अडखळला, तर निर्णयाला आणखी थोडा वेळ द्यावा.

सल्ला दोन-तीन माणसांचा घ्यावा, आणि त्यांतला एक आपल्याशी सहमत न होणारा असावा. मसलत नसली की बेत फसतात, असे नीतिसूत्रांच्या पंधराव्या अध्यायात म्हटले आहे. पण आपण सल्लागार निवडतो ते बहुधा होकार देणारे. पाळकसाहेबांना किंवा फादरांना सदसद्विवेकाचा प्रश्न विचारावा, गृहकर्जाच्या व्याजाचा प्रश्न बँकेत काम करणाऱ्याला विचारावा, आणि इमारतीच्या कागदपत्रांचा वकिलाला. एजंटाला व्यवहारात दलाली असते, तेव्हा त्याचे मत सल्ला म्हणून धरू नये. घरातल्या ज्या माणसावर निर्णयाचा भार सर्वांत जास्त पडणार आहे, या उदाहरणात ती बहुधा पहाटे डबे करून लोकल पकडणारी सून, तिचे मत शेवटी औपचारिकता म्हणून न विचारता आरंभीच विचारावे.

वाट पाहण्यालाही तारीख असावी. ‘देव दाखवील तेव्हा’ असे म्हणत दोन वर्षे काढणे हाही एक निर्णयच असतो, फक्त त्यावर कोणाची सही नसते. इग्नेशियस यांचा एक नियम येथे ध्यानात ठेवण्यासारखा आहे: मन उदास, कोरडे, देवापासून दूर गेल्यासारखे वाटत असेल त्या काळात आधी केलेला निश्चय बदलू नये. घरात मृत्यू झाला असेल, नोकरी गेली असेल किंवा भांडण ताजे असेल, तर तारीख पुढे ढकलावी. एरवी ठरलेल्या दिवशी घरातल्या सर्वांनी एकत्र प्रार्थना करावी आणि निर्णय घ्यावा. यरुशलेमच्या मंडळीने लांबलचक वादविवादानंतर लिहिलेल्या पत्रात, पवित्र आत्म्याला आणि आम्हांला योग्य वाटले, असे शब्द आहेत. ते प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये वाचावेत. चर्चा झाली म्हणून पवित्र आत्म्याचे काम झाले नाही असे त्या मंडळीला वाटले नाही.

आणि सगळे तपासल्यावर दोन्ही वाटा चांगल्या निघाल्या तर? मग आवडेल ती निवडावी. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात प्रेषित पौल विधवेविषयी लिहितो, की तिने प्रभूमध्ये, पण तिच्या इच्छेला येईल त्याच्याशी लग्न करावे. एवढे स्वातंत्र्य देणाऱ्या देवाला आपण उगाच कोडी घालणारा करून ठेवतो.

खुणा, वचने आणि दारे

गिदोनाने रात्री जमिनीवर लोकर टाकून दव फक्त तिच्यावरच पडावे अशी खूण देवाकडे मागितली ती गोष्ट शास्ते या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि खूण मागणाऱ्या प्रत्येकाच्या ओठांवर ती असते. तो अध्याय पुरता वाचला तर दिसते, की काय करायचे ते देवाने गिदोनाला आधीच सांगितले होते. लोकर त्याच्या भीतीपोटी आली, आणि माझ्यावर रागावू नकोस अशी विनवणी करतच त्याने दुसरी खूण मागितली. देवाने त्याला सांभाळून घेतले, हे खरे. तेवढ्यावरून ती पद्धत सर्वांसाठी होत नाही.

वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेत अनेक मंडळ्यांमध्ये वचनाची कार्डे वाटतात. ती आनंदाने घ्यावीत आणि पाठ करावीत. वर्षभराचे भविष्य म्हणून धरू नयेत. यिर्मया २९:११ हे वचन तर पुष्कळ घरांच्या भिंतीवर असते: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. त्याच्या अलीकडचेच वचन मात्र कोणी फ्रेम करून लावत नाही, कारण त्यात बाबेलमधल्या बंदिवासाची सत्तर वर्षे सांगितली आहेत. यिर्मयाचे हे पत्र ज्या बंदिवानांना गेले त्यांच्यातल्या बहुतेकांचे मरण परक्या शहरातच व्हायचे होते. आणि त्या शहरात त्यांनी काय करावे ते सातव्या वचनात आहे: त्या नगराच्या हितासाठी झटावे आणि त्याच्यासाठी प्रार्थना करावी. कोकणातून, नगर-जालन्याकडून पोटासाठी मुंबईत आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना हे सातवे वचन अकराव्याइतकेच लागू आहे. वस्तीतल्या पाण्याच्या तक्रारीवर सही करणे, वॉर्ड ऑफिसमध्ये पाठपुरावा करणे, पावसाळ्यात तुंबलेल्या गल्लीत शेजाऱ्याला हात देणे, ही सगळी कामे त्यात बसतात.

दार उघडले म्हणजे देवाचा होकार आणि बंद झाले म्हणजे नकार, हे गणितही तपासून घ्यावे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो, की त्रोवस शहरात त्याच्यासाठी दार उघडले होते, तरी तीत हा त्याचा सहकारी भेटला नाही म्हणून जिवाला चैन पडेना आणि तो पुढे निघून गेला. उलट बाजूचे उदाहरण मुंबईतच आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत पाठवण्याचा हुकूम काढला होता. ते अर्जविनंत्या करत राहिले आणि वर्ष संपण्याच्या सुमारास त्यांना राहू दिले गेले. पहिल्याच हुकमाला त्यांनी देवाचा नकार मानले असते, तर आज ‘मराठी मिशन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंडळ्यांचा इतिहास वेगळा झाला असता. अडचण दिसली की तिची कारणे शोधावीत: ती आपल्या चुकीमुळे आहे, दुसऱ्याच्या विरोधामुळे आहे, की केवळ सरकारी कारभारामुळे. पासपोर्ट लांबला तर बऱ्याचदा पत्त्याचा पुरावा कमी पडलेला असतो.

लग्न

येथे थोडक्यात आणि स्पष्ट बोललेले बरे. स्थळाविषयी देवाची इच्छा विचारण्याआधी ‘आपल्यातलेच हवे’ ही अट घरात ठरून गेलेली असते, आणि ‘आपल्यातले’ म्हणजे बाप्तिस्म्यापूर्वीच्या कोणत्या जातीतले हे सर्वांना न बोलता समजते. गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायाने ख्रिस्तात सगळे एक असे सांगून जी भिंत पाडली, ती उभी ठेवून तिच्या अलीकडे उरलेल्या चार स्थळांत देवाने निवड करावी अशी ही प्रार्थना होते. ज्या घराला देवाची इच्छा खरोखर हवी आहे त्याने आधी ती अट खोडावी. त्यानंतर स्वभाव, विश्वास, व्यसन, कर्ज, आरोग्य आणि मुलीची स्वतःची संमती, सगळे चौकशी करून पाहावे.

कामाच्या ठिकाणी

कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, असे सांगितले आहे, आणि ते मुळात मालकाच्या हुकमाखाली राबणाऱ्या दासांना उद्देशून लिहिले आहे. म्हणजे ‘मला आवडते काम नाही’ ही सबब तेथे पुरत नाही. वेळेवर पोहोचणे, अंगावरचे काम दुसऱ्याच्या गळ्यात न घालणे, काउंटरवरच्या म्हाताऱ्या माणसाला तिसऱ्यांदा तेच नीट समजावणे, हे सर्व त्यात येते.

प्रश्न येतो तो खोट्या कागदाचा. प्रवास लोकलने झाला आणि बिल टॅक्सीचे लावायचे, सगळेच लावतात. आपले बिल लोकलचेच लावावे, आणि इतरांच्या बिलांवर भाष्य करू नये. वरिष्ठ मागची तारीख टाकून पत्र करायला सांगतात तेव्हा दानीएलाचा पहिला अध्याय उपयोगी पडतो. राजाचे अन्न घेणार नाही हा दानीएलाचा निश्चय पक्का होता, पण त्याने अधिकाऱ्याला नम्रपणे विनंती केली आणि दहा दिवसांची चाचणी हा पर्यायही पुढे ठेवला. तसेच एकांतात, आवाज न चढवता म्हणावे, “सर, आजच्या तारखेचे पत्र मी दहा मिनिटांत करून देते, आणि उशिराचे कारण त्यात व्यवस्थित लिहिते. मागच्या तारखेवर मात्र माझी सही होणार नाही.” बहुतेक वेळा एवढ्यावर भागते. कधी भागत नाही, बदली होते किंवा वार्षिक शेरा बिघडतो. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी काही महिन्यांच्या खर्चाची रक्कम बाजूला ठेवण्याची शिस्त लावून घ्यावी. हप्त्यांत गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणे फार महाग पडते.

परिचारिका, रेल्वे आणि बेस्टचे कर्मचारी, पोलीस यांना रविवारची ड्युटी चुकत नाही. शब्बाथ (विश्रांतीचा दिवस) मनुष्यासाठी झाला, या मार्काच्या दुसऱ्या अध्यायातल्या वचनाच्या आधारे त्यांनी मनाला लावून घेऊ नये; शनिवारची संध्याकाळची मिस्सा, संध्याकाळची उपासना किंवा आठवड्यातली घरगुती प्रार्थनासभा धरावी.

‘देवाची इच्छा’ हे शब्द कोठे वापरू नयेत

शिवडीच्या दफनभूमीत लहान मुलाच्या पेटीशेजारी उभ्या असलेल्या आईला ‘देवाची इच्छा होती’ असे सांगू नये. आपला मित्र लाजर याच्या कबरेशी येशू रडला. तेवढे आपल्यालाही करता येते. आजारात उपचार थांबवण्यासाठी हे शब्द वापरू नयेत. लूक वैद्य होता, आणि पौलाने त्याला ‘प्रिय’ म्हटले आहे. मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला ‘सहन कर, देवाची तीच इच्छा आहे’ असे सांगणे तर उघड पाप आहे. तिला सुरक्षित जागी न्यावे, १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा पोलिसांत कळवण्यास मदत करावी, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली तिला संरक्षण मागता येते हे सांगावे. समेटाची भाषा मंडळीने नंतर बोलावी.

कोणी ‘देवाने मला तुझ्याविषयी दाखवले’ असे म्हणाले, तर थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे वागावे: संदेश तुच्छ मानू नये आणि पारखल्याशिवाय घेऊही नये. सांगणाऱ्याचा त्यात पैशाचा किंवा अधिकाराचा फायदा आहे का, तो घाई करतो आहे का, इतर कोणाला विचारू नकोस असे बजावतो आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. एकाचेही उत्तर ‘हो’ आले तर नमस्कार करून बाहेर पडावे.

आपल्याला झालेला उलगडा दुसऱ्यावर लादण्याचा मोहही टाळावा. नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला, आणि पुढचा दीर्घ काळ वाचन आणि विचार करून त्यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयाची झळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना बसली, अनेक वर्षांची ताटातूट झाली. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, स्वतःच्या मनाने आणि स्वतःच्या वाटेने. घरात एकाला देवाची इच्छा लवकर स्पष्ट झाली, तर त्याने दुसऱ्याच्या वर्षांचा हिशेब आपल्या घड्याळाने करू नये.

निर्णयानंतर

निर्णय घेतल्यावर पहिल्याच अडचणीला ‘आपले चुकले’ असे म्हणू नये. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन मुंबईत काढले, १८९० मध्ये ते पुण्याला हलवले. पुढे ख्रिस्ती धर्माच्या प्रभावावरून वादळ उठले, हितचिंतक दुरावले आणि मुली काढून नेल्या गेल्या. सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर, १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या स्त्रिया आणि मुली राहू लागल्या, आणि तेथे मुक्ती मिशन उभे राहिले. मुंबईत सदन उघडताना केडगाव त्यांच्या योजनेत नव्हते. हाताशी असलेले काम त्या करत गेल्या आणि समोर आलेल्या भुकेकडे त्यांनी पाठ फिरवली नाही.

घेतलेला निर्णय सहा महिने तरी पुन्हा उकरू नये. सहा महिन्यांनी वही काढून तेव्हाचे प्रश्न वाचावेत आणि आजीची, सुनेची, मुलांची खरी स्थिती काय आहे ते त्यांनाच विचारावे. काही चुकले असे दिसले, तर देवापुढे कबूल करून थांबू नये. ज्याला तोशीस लागली त्याच्याकडे जाऊन बोलावे, पैशाचे नुकसान झाले असेल तर भरून द्यावे, आणि बदलता येण्याजोगे असेल ते बदलावे. आजी बदलापूरला दिवसभर खिडकीशी बसून राहत असेल, तर आठवड्यातले दोन दिवस तिला भायखळ्याच्या बहिणीकडे पोहोचवण्याची व्यवस्था त्याच महिन्यात करावी.